पाचवा सोमवार

शाळा नावाची गोष्ट जगात नसतेच, असं भिंगरीने भर वर्गात जाहीर केलं, तेव्हा दुसरीच्या बाई वजाबाकीत हातचा घेत होत्या. वर्ग म्हणजे फोनच्या काचेवरचे चोवीस चौकोन. त्यातल्या कोपऱ्यातल्या चौकोनात भिंगरी पलंगावरून डोकं खाली लटकवून बसली होती, त्यामुळे तिचं म्हणणं आधी हनुवटीतून आल्यासारखं वाटलं.

"शाळा फोनमध्येच असते," ती म्हणाली. "बाहेर नसते. मोठी माणसं उगाच सांगतात. बागुलबुवा सांगतात ना, तसं."

बाईंनी तिला गप्प करायला हवं होतं, पण करणार कोणत्या तोंडाने? ही पोरं पहिलीत आली ती फोनवर आणि दुसरीत गेली तीही फोनवर. साथ आल्यापासून दीड वर्षात शाळेचं फाटक त्यांच्यासाठी एकदाही उघडलं नव्हतं. आणि याच बाईंनी त्यांना चार वेळा सांगितलं होतं, येत्या सोमवारी शाळा. चारही वेळा साथीने पुन्हा डोकं वर काढलं, वरून हुकूम आला आणि बाई तोंडघशी पडल्या. पहिल्या खेपेला मुलं रडली, दुसऱ्या खेपेला रुसली, तिसऱ्यांदा चक्क हसली. चौथ्यांदा कुणी काही बोललंच नाही. ते बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

कारण सात सक बेचाळीस हे सात वर्षांचं पोर कशावरून खरं मानतं? बाई म्हणाल्या म्हणून. त्याने काही सातच्या सहा ढिगाऱ्यांत चिंचोके मोजलेले नसतात. बाईंचा सगळा धंदा या एका विश्वासावर चालतो. सोमवार खोटा ठरला की पाढाही डळमळायला लागतो, आणि मग शिकवायचं काय, कपाळ?

म्हणून बाईंनी ठरवलं होतं, आता वार सांगायचा नाही. मेले तरी नाही.

हा निश्चय नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी हेडसरांनी सगळ्या शिक्षकांना मैदानात खुर्च्या लांब लांब मांडून बसवलं आणि परिपत्रक वाचायला घेतलं. हेडसर परिपत्रक वाचतात ते लहान बाळाला भरवल्यासारखं, एकेक घास थांबून थांबून. "येत्या सोमवारपासून... शाळा... प्रत्यक्ष..." एवढं ऐकलं आणि बाईंना आभाळ ठेंगणं झालं. उचललं बोट आणि लावलं फोनला: 'येत्या सोमवारी शाळा. नक्की. बाईंचा शब्द.' चोवीस घरांत निरोप पोचला.

मग हेडसरांनी पुढचा घास भरवला. "...सुरू करता येतील, मात्र त्याआधी शुक्रवारी मुलांशिवाय रंगीत तालीम घ्यावी. आरोग्य अधिकाऱ्यांनी तालीम पास केली तरच शाळा उघडावी. नापास झाल्यास पुढची तारीख पाच आठवड्यांनंतर."

बाईंनी फोनकडे पाहिलं. भिंगरीच्या घरून उत्तरही आलं होतं. नुसता एक अंगठा, आणि तोही खाली केलेला.

मुलांशिवाय तालीम म्हणजे मुलांच्या जागी कुणीतरी मोठं हवं. आईबाप कामावर. राहिले आजी-आजोबा. त्यांच्या दोन्ही लशी झालेल्या, वेळ भरपूर, आणि आपल्या नातवंडाच्या बाकावर बसायची हौस त्याहून जास्त. शुक्रवारी सकाळी नऊला फाटकाबाहेर तेवीस म्हातारी माणसं पायांच्या रंगवलेल्या ठशांवर उभी राहिली. चोविसाव्या आजीला सर्दी होती, म्हणून त्या नियमाप्रमाणे घरी राहिल्या. बाईंनी तेवढ्यावरच मनातल्या मनात पास झाल्याचे पेढे वाटले.

आरोग्याच्या मॅडम आल्या. हातात पुठ्ठ्याला लावलेला तक्ता, त्यावर एकतीस नियम, कानामागे पेन आणि मास्कच्या वर दोन न हसणारे डोळे. "सुरू करा," त्या म्हणाल्या.

पहिले पाच जण दृष्ट लागावी असे आत आले. कपाळासमोर तापमापक, हातावर सॅनिटायझर, ठशावरून पुढच्या ठशावर. सहावे भिंगरीचे आजोबा. आयुष्यभर वकिली केलेला हा माणूस, आणि नात कुणावर गेली हे त्यांना पाहिल्यावर सांगावं लागत नव्हतं. त्यांनी तापमापकाचा आकडा आधी स्वतः वाचून घेतला, मग मान्य केला, आणि मग त्यांना नळाशी शिवणकामवाल्या आजी दिसल्या.

"अहो!" आजोबा ओरडले. "तुम्ही जिवंत आहात?"

"तुमच्या आधी कशी जाईन!" आजी ओरडल्या. "तुमचा कोट शिवून पडलाय ना माझ्याकडे!"

झालं. बांध फुटला. दीड वर्ष ही माणसं चार भिंतींत आपापल्या सुनांशी आणि जावयांशी बोलत होती, आणि ते काही बोलणं नव्हे. बरोबरीचं माणूस दिसल्यावर कुठला ठसा आणि कुठलं काय! नळावर सात जण गोळा झाले. वीस अंक मोजत हात धुवायचे होते, तिथे साबण लावल्या हातांनी कुणाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सुरू झालं. फाटकाशी मागचे पुढच्यांना हाका मारायला लागले. ऐकू येत नाही म्हणून काहींनी मास्क हनुवटीवर ओढले, आणि हेडसर "आजोबा, मास्क! आजी, मास्क!" करत इकडून तिकडे पळताना त्यांचाच मास्क सुटला.

वर्गात तर कहर. एका बाकावर एकच जण, पण तेवीसच्या तेवीस जण मागे वळून बसलेले. दोन बाकांमध्ये सहा फूट, तर एका आजोबांनी काठी काढली आणि शेजारच्याच्या खांद्याला टोचली.

"बाई, हा बघा, मला टोचतो!"

"बाई, खोटं! यानेच आधी माझ्याकडे बघितलं!"

बाईंना नापास होण्याची धास्ती पडली होती आणि हसूही फुटत होतं. दोन्ही एका वेळी आलं की माणसाला उचकी लागते. बाईंना उचकी लागली.

मॅडमनी कानामागचं पेन काढलं ते परत ठेवलंच नाही. फुली, फुली, फुली. शेवटी त्यांनी तक्ता खाली केला. "एकतीसपैकी अकरा. नापास."

"मॅडम, ही म्हातारी माणसं आहेत," हेडसर काकुळतीला आले. "मुलं शहाणी असतात हो."

"असं लिहून देता?"

हेडसर बावीस वर्षं शाळेत होते. त्यांनी लिहून दिलं नाही.

मॅडमची जीप फाटकाबाहेर उभीच होती. बाईंना पाच आठवडे दिसायला लागले. त्यापेक्षा सोमवारची सकाळ दिसायला लागली: चोवीस चौकोन, आणि त्यातल्या एकातही कुणी काही बोलत नाही. पाचव्यांदा. उचकी आपोआप थांबली.

"मॅडम, तो तक्ता जरा मला दाखवता?" बाई म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता वाचायला लागल्या. "फाटकाशी घोळका. का? बोलायला. नळाशी घोळका. बोलायला. मास्क खाली, तोही बोलायला. मागे वळून बसले ते कशाला? बोलायला! या फुल्यांत धावपळ नाही, मारामारी नाही. एक काठी सोडली तर दंगा म्हणून नाही. नुसतं बोलणं तुंबलंय, दीड वर्षाचं. आपण त्याला दार बंद करून बसतोय, म्हणून ते फटीफटीतून येतंय."

"मग काय करायचं?"

"पहिला तास बोलायचाच ठेवायचा. बाहेर, मैदानात, उघड्यावर. चुन्याने गोल आखायचे, एका गोलात एक माणूस. मास्क वर. आणि पोटभर बोलून घ्यायचं. मग हात धुणं, मग वर्ग."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. पुढच्या शाळेला जायला दोन तास होते. "ओरडून बोलणार असतील तर गोलांत सहा फूट नाही चालायचं," त्या म्हणाल्या. "दहा."

त्या 'दहा' शब्दाचा बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी खेळाच्या खोलीतून उड्या मारायची दोरी आणि चुन्याची बादली स्वतः आणली. दोरी बरोबर दहा फुटांची नव्हती, म्हणून हेडसरांना दोरीच्या टोकाला एक पाऊल लांब उभं करून माप पुरं केलं. चोवीस गोल झाले. काही पोळीसारखे, काही बटाट्यासारखे, पण अंतर चोख.

आणि मग म्हाताऱ्यांनी जो काही गलका केला! दहा फुटांवरून गुडघ्यांची चौकशी झाली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नातवाचं बारसं गेलं आणि परत आलं. काठीवाल्या आजोबांनी जाहीर कबूल केलं की घरकोंडीत ते सुनेकडून विणायला शिकले, आणि मैदानभर अशी काही दाद मिळाली की त्यांनी गोलातल्या गोलात गिरकी घेतली. वकील आजोबांनी कोट मागितला. शिवणकामवाल्या आजींनी ओरडून सांगितलं की दीड वर्षात तो आता त्यांना पुढून बसणार नाही. हरकत घ्यायला आजोबांनी तोंड उघडलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि हरकत मागे घेतली.

चोविसावा गोल सर्दीवाल्या आजींचा, रिकामा. मॅडम पाहणी करत करत त्याच्यात कधी जाऊन उभ्या राहिल्या कुणाला कळलं नाही. "तुमच्या घरी कोण कोण?" शेजारच्या गोलातल्या आजींनी विचारलं. मॅडमनी तक्ता काखेत धरला. दीड वर्ष त्यांना लोकांनी फक्त 'आज किती रुग्ण?' एवढंच विचारलं होतं.

"मुलगा आहे!" त्या एकदम ओरडल्या. "तिसरीत! घरात चेंडू खेळून तीन काचा फोडल्यात! आणि मी त्याला वळण लावणार कधी, मी आपली गावभर फुल्या मारत फिरतेय!"

अख्खं मैदान हसलं. मॅडमही हसल्या. मास्कच्या वर ते नीट दिसलं.

अर्ध्या तासात सगळ्यांचे घसे बसले. मग नळावर बिनबोभाट वीस अंक झाले, बाकावर तेवीस जण पुढे तोंड करून बसले, आणि त्यांतले दोघे डुलक्याही काढायला लागले. मॅडमनी तक्त्यावर एकतीस खुणा केल्या आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'बोलायचा तास रोज घ्यावा.'

सोमवारी शाळा उघडली. खरोखर उघडली. फाटकाशी रांग, तापमापक, ठसे. भिंगरी सगळ्यात शेवटी आली. तिने आधी बाहेरच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं. मग फाटकाची कडी हलवून पाहिली. बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गोलात जाऊन उभी राहिली.

आणि बाईंचा बोलायचा तास चिडीचूप. चोवीस गोल, चोवीस मुलं, तोंडातून शब्द नाही. म्हाताऱ्यांकडे जुनी ओळख होती. यांनी एकमेकांना आजवर फोनवरच्या चौकोनाएवढंच पाहिलेलं. बाईंना घाम फुटला. त्यांनी वेळेचा सगळा हिशेब केला होता, पण हा नव्हता केला. तेवढ्यात मधल्या गोलातला एक मुलगा शेजारणीला हळूच म्हणाला, "तू तीच ना, जिच्या मागे मांजर झोपतं?"

"हो! आणि तू भांड्यांसमोर बसणारा!"

"तू एवढी उंच आहेस?"

"तू एवढा बुटका आहेस?"

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही, कारण चोवीस जण एकदम बोलत होते. पलीकडच्या रस्त्यावर भाजीवाला गाडी थांबवून बघत उभा राहिला. भिंगरी तर गोलातल्या गोलात अशी फिरत होती की चुना उडून तिचे बूट पांढरे झाले. बाईंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, कारण त्या दंग्यात बघायला फुरसत होती कुणाला?

सुटायची वेळ झाली. बाईंनी दोन वजाबाक्या गृहपाठाला दिल्या आणि एकेकाला बाकावरून उठवायला सुरुवात केली. भिंगरी उठली नाही.

"बाई, उद्या?"

वर्ग थांबला. चोवीस जोड्या डोळे मास्कवरून बाईंकडे लागले. साथ गेलेली नव्हती. रात्रीतून हुकूम येऊ शकत होता, हे बाईंना त्या सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. 'बघू' म्हणणं सोपं होतं.

"उद्या," बाई म्हणाल्या. "आहे."

भिंगरीने खांद्यावरचं दप्तर उतरवलं, बाकावर ठेवलं, त्याचा पट्टा बाकाच्या पायाला दोनदा गुंडाळला आणि मोकळ्या हाताने दाराकडे निघाली.

मागच्या बाकावरच्याने ते पाहिलं आणि आपलंही दप्तर ठेवलं. मग मांजरवालीने. मग धडाधड. पाच जणांनी नेली; पाच जण कुठल्याही वर्गात सावध असतातच. एकाने दप्तर ठेवलं, पण पाण्याची बाटली मात्र नेली.

फाटकाशी आईबापांचा एकच ओरडा झाला. दप्तर कुठाय? हरवलं की काय? अरे, गृहपाठ कशात करणार?

"वर्गात आहे," भिंगरी आजोबांना सांगत होती. तिचा आवाज वर्गापर्यंत पोचत होता. "उद्या यायचंच आहे ना. उगाच कशाला ने-आण?"

बाई वर्गात एकोणीस दप्तरांमध्ये उभ्या होत्या. मग त्या दारातून धावत सुटल्या, मैदान ओलांडून फाटकाशी पोचल्या आणि धापा टाकत सगळ्या पालकांना ओरडून म्हणाल्या, "गृहपाठ माफ!"