मामा नुसतं ‘बरं हाये’ म्हणाला

प्लायवुडवर हळदीच्या पंजाचा डाग.

कागदाला लावलेला गोंद.

खाणीत सुरुंग उडाला की थरथरणारी काच.

ताडपत्रीखाली मांजरीची पिल्लं.

सात मात्रा.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांचे कुणी लागत नाहीत असं तुम्हाला वाटेल. पण ते सगळे माझ्या अंगावर नाहीतर माझ्या पोटात सापडतात. वणीतल्या भीमराज मामाच्या साउंड सर्व्हिसमध्ये मागच्या भिंतीला टेकून एक जुना साउंड बॉक्स उभा आहे, तो मी. मला सलग सांगता येत नाही. माझ्यातून आजवर दुसऱ्यांचंच बोलणं गेलं, आणि तेही बरेचदा मध्येच तुटलं.

नेमसिंग मिस्त्रीने प्लायवुड कापून माझी पेटी जोडली. मामाने तिच्यात मोठा स्पीकर बसवला, बाहेरून काळं रेक्झिन चढवलं आणि समोर लोखंडी जाळी ठोकली. स्पीकर म्हणजे तरी काय? एक लोहचुंबक आणि त्याच्यापुढे कागदाचा शंकू. एवढा मोठा आवाज कागदातून निघतो हे लोकांच्या लक्षातही येत नाही. मी मात्र ते कधी विसरू शकलो नाही. कागद फाटतो.

पण तेव्हा मी नवा होतो. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर बसून साऱ्या गावातून फिरलो. शाळांच्या गॅदरिंगमध्ये पोरं माझ्यासमोर नाचली. सर्वांत जास्त गेलो तो बोरडोहला. ते मामाचं गाव. तिथे कुणाचंही लग्न असलं की साउंड मामाचाच. एका हळदीत नवरीच्या काकूने नाचता नाचता मला मिठी मारली, तो डाग अजून आहे. भीमराजचा डबा वाजला की छातीत धडधडते, असं लोक म्हणायचे. यापेक्षा मोठी शाबासकी साउंड बॉक्सला मिळत नसते.

मग कोळशाच्या खाणीसाठी बोरडोह उठलं. घरं पाडली गेली, माणसं पांगली, मामा वणीतच राहिला. पुढे दुकानात नवे, हलके, चकचकीत बॉक्स आले. माझ्यावर ताडपत्री पडली आणि तिच्याखाली मांजरीने संसार मांडला. एका उन्हाळ्यात माझ्या कागदाला काठाशी चीर गेली. मामाने तिला गोंद लावला, “चालते,” म्हणाला आणि ताडपत्री परत ओढली. तेव्हापासून रस्त्याने कोळशाचा ट्रक गेला तरी मला त्या गोंदाची आठवण होते.

आता मोनालीचं सांगतो.

मोनाली मामाच्या बहिणीची मुलगी. बोरडोह उठलं तेव्हा ती लहान होती. नागपूरला शिकताना तिच्या हाती गिटार आली आणि तिच्या कानावर एक वेगळंच संगीत पडलं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. त्यात गाणी सुटी नसतात, साऱ्या अल्बमची मिळून एकच गोष्ट असते. ताल मध्येच बदलतो, एकेक वाजवणं दहा-दहा मिनिटं चालतं. सध्या ती पांढरकवड्याच्या एका शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर दोन वर्षं खपून तिने असाच एक अल्बम केला. त्याची गोष्ट बोरडोहची: गाव उठतं, पाडलं जातं, खाणीच्या खड्ड्यात खाली खाली जातं.

एका रविवारी दुपारी ती मोबाईल घेऊन दुकानात आली. नवे बॉक्स सगळे लग्नाला गेलेले, म्हणून मामाने माझी ताडपत्री काढली. गोंद लावल्यापासून मी वाजलोच नव्हतो. त्यात मोनाली म्हणाली, “मामा, तुले आवडलं तरच मी हे हॉलात लोकांपुढे वाजवीन. नाही तं राहू दे मोबाईलमध्येच.”

अन् हे सगळं माझ्या चिकटवलेल्या कागदातून जाणार होतं.

सुरू झालं. मामाने तळहात माझ्या जाळीवर ठेवला. साउंडवाले कानाआधी हाताने ऐकतात. पहिल्या भागात त्याचा पाय हलायला लागला आणि थांबला. परत लागला, परत थांबला. मोनालीने सांगितलं की या सात मात्रा आहेत. मामा म्हणाला, “सातात वरात कशी चालन? नवरदेव घोड्यावरून पडन.” ती हसली. पण मी तिच्याकडेच बघत होतो, तिचं लक्ष मामाच्या पायावरून हटत नव्हतं.

दुसऱ्या भागात यंत्रं आली, सुरुंगाने थरथरणारी खिडकीची काच आली. मी कसाबसा धरून होतो. मग तिसरा भाग लागला. त्यात गाव रिकामं होतं. एकेक वाद्य गळत जातं. आधी ड्रम, मग गिटार, मग आवाज. आणि मग

 

 

(इथे काही नाही. तार निसटलेली नाही.)

 

मामा उठला.

मित्रांनो, यात त्याची चूक काढू नका. साउंडवाल्याच्या लेखी शांतता म्हणजे बिघाड. भर मांडवात आवाज गेला की लोक त्यालाच शोधत येतात. आयुष्यभराच्या सवयीने त्याने माझी मागची तार हलवली, पिन दाबली आणि अँप्लिफायरचं बटण फिरवलं, पार शेवटपर्यंत. मोनालीने हात वर केला, पण तेवढ्यात चौथा भाग फुटला. ड्रम, गिटार, सुरुंग, सगळं एकदम.

गोंद सुटला.

त्यानंतर मी जे वाजवलं त्याच्याखाली शेवटपर्यंत एक घरघर होती.

संपल्यावर मामाने बटण बंद केलं. माझ्या जाळीवरची धूळ पुसली. बराच वेळ पुसली.

“कसं वाटलं?” मोनालीने विचारलं.

“बरं हाये.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं. मेहनत दिसते.”

 मी आतून ओरडत होतो की बाई, ती घरघर माझी होती, तुझी नव्हती. पण माझ्यात जे घालाल तेवढंच बाहेर येतं. माझं स्वतःचं काही येत नाही.

“आवडलं का नाही, तेवढं सांग,” ती म्हणाली.

मामाने स्टूल ओढलं. “पोरी, मले बोरडोह ओळखूच नाही आलं त्याच्यात. सारं रडणंच हाये. लग्नं नव्हती का होत तिथं?”

“गाव गेलं ना मामा ते.”

“गेलं ते शेवटी. त्याच्या आधी होतं ना.”

मोनालीने मोबाईलची वायर काढून बोटाला गुंडाळली. “अन् तू मधातच उठून तार हलवली. तिथंच तं होतं गाव.”

“आवाज गेल्यावर साउंडवाला उठनच,” मामा म्हणाला, पण हळू.

ती गेली. पुढचे कितीतरी दिवस मी त्या घरघरीचाच विचार करत होतो. माझा कागद धड असता तर मामा काय म्हणाला असता? कदाचित ‘बरं हाये’च म्हणाला असता. कदाचित नाही. मोनालीने तो अल्बम पुसून तर टाकला नसेल? मामाला विचारता येत नव्हतं, आणि मामाही कुणाला विचारत नव्हता. फक्त एका सकाळी त्याने माझी जाळी उघडली, फाटका शंकू काढला आणि नवा बसवला. गोंदाला हात लावला नाही.

मोनाली परत आली ती दारातच उभी राहून बोलली. “मी त्याच्यातलं काही बदललं नाही. पुढच्या महिन्यात हॉलात वाजवून राह्यली. साउंड तुझाच पाह्यजे.”

“मले अजूनही नुसतं बरंच वाटते,” मामा म्हणाला.

“वाटू दे.”

मामाने मान हलवली. “तो मधातला चुपचाप भाग ठेवतं का?”

“ठेवीन.”

“मंग पोट्ट्यायले सांगून ठेवतो. तिथं कोनी तारेले हात लावाचा नाही.”

मित्रांनो, मी जुना आहे, मला जास्त शहाणपण सांगता येत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याच्या चिरेवर नुसता गोंद लावून ताडपत्री ओढू नका. आणि कुणी स्वतःचं काही ऐकवायला आणलं तर ते पूर्ण संपू द्या. मध्ये शांत झालं तरी बसून राहा. नाही आवडलं तर तसं सांगा, पण ऐकून सांगा. ऐकवणाऱ्याचा जीव तेवढा वेळ तुमच्या पायाच्या ठेक्यावर टांगलेला असतो.

त्या रविवारी, मोनाली यायच्या आधी, मामाने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ऐन लग्नसराईत दुकानाचा फोन बंद करून ठेवला होता.