नोरीनच्या नंबरच्या काचा

पाण्याच्या तळाशी उभी असलेली पिवळी शाळेची बस.

सनस्क्रीनच्या नळ्यांनी गच्च भरलेला खण.

थुंकी.

समोर सरळ ताणून धरलेला एका माणसाचा हात.

डिसेंबर.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. मी पाण्याखाली जाताना डोळ्यांवर चढवायचा एक मास्क आहे. आता माझे रबर पिवळट पडले आहे, पट्टा एकदा बदलून झाला आहे, पण बसलेल्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. म्हणून गोष्टी जशा आठवतात तशा सांगतो.

आधी थुंकीचे सांगून टाकतो. पाण्यात उतरण्यापूर्वी माझ्या आत थुंकतात. काचेवर थुंकी बोटाने पसरवतात आणि विसळून टाकतात. हा अपमान नाही, त्याने काचेवर वाफ धरत नाही. पण पहिल्यांदा हे घडले तेव्हा मला काय वाटले असेल, याचा विचार करून पाहा.

माझा जन्म दोनदा झाला. पहिला एका मोठ्या कारखान्यात. तिथे माझ्यासारखे हजारो होते, सगळ्यांच्या काचा साध्या, सगळे एकसारखे. दुसरा जन्म चष्म्याच्या एका लहान कामशाळेत. तिथे माझ्या काचांना आतून जाड भिंगे चिकटवली. उणे नऊचा नंबर. त्यानंतर जगात माझा उपयोग एकाच बाईला होता. ती ओहायोतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत असे. तिचे नाव नोरीन.

त्या शाळेत पगारातले काही पैसे कर कापण्याआधीच बाजूला काढून ठेवता येत. अट एकच: ते औषधपाण्यावरच खर्च करायचे. खरे म्हणजे अटी दोन होत्या. दुसरी अशी की वर्ष संपेपर्यंत जे उरले ते गेले. मग डिसेंबर आला की स्वयंपाकघरातल्या बायकांची धांदल उडे. बाहेर बर्फ पडत असे आणि या सनस्क्रीन घेत, कारण ते औषधात बसते. थर्मामीटर घेत, जखमेवरच्या पट्ट्या घेत. नोरीनच्या न्हाणीघरातला खण असाच भरला होता.

त्या वर्षी तिने पैसे सांभाळणाऱ्यांना फोन करून विचारले, की नंबरच्या भिंगांचा पाणबुड्यांचा मास्क चालेल का. तिची मैत्रीण डेलोरिस शेजारीच बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "मास्क औषधात? मग आमचे हे मासेमारीची बोट लावतील बघ पाठदुखीच्या नावानं."

पण उत्तर हो आले. नंबरचा मास्क म्हणजे चष्माच. नोरीनचा नवरा वेंडेल शाळेची बस चालवत असे. त्याला हे कळताच त्याने स्वतःसाठी पायांत घालायचे नवे पिवळे रबरी पंख मागून पाहिले. डॉक्टर माझे पाय अधू आहेत असे लिहून देईल, म्हणाला. पंख नाकारले. पोहण्याचा जाड पोशाखही नाकारला. डोळ्यांचे दुखणे दूर करतो तेवढा एकटा मी पास झालो.

म्हणजे मी औषध होतो. मला वाटले होते, मी मजा आहे.

त्या गावाजवळ चुनखडीची एक जुनी खाण आहे. ती पाण्याने भरली आहे. पोहणाऱ्यांना पाहायला काहीतरी हवे म्हणून तिच्या तळाशी एक मोडीत निघालेली शाळेची बस, एक होडी आणि एक छोटे विमान बुडवून ठेवले आहे. वेंडेल आणि नोरीन लग्न झाल्यापासून तिथे पाण्यात उतरत. चष्मा काठावर काढून ठेवला की नोरीनला फक्त हिरवे दिसे. टाकीत किती हवा उरली हे दाखवणारा काटा तिच्या छातीशी नळीला लटकत असे. तो ती आपल्या जुन्या साध्या मास्कच्या काचेला टेकवून वाचत असे, कारण जवळचे तिला सगळे दिसते. लांबचे काहीच नाही. लांबचे पाहण्याचे काम वेंडेलचे. तो म्हणे, "तुझे डोळे मी आहे. तू फक्त पिवळ्या पंखांच्या मागं राहा." वळून तो अंगठा आणि बोट जुळवून गोल करी. म्हणजे सगळे ठीक. तेवढी खूण ती जवळ येऊन पाही.

वेंडेलला स्वतःच्या नजरेचा फार अभिमान होता. बसचालकांची दर वर्षी तपासणी होते, त्यात लांबच्या पाटीवरची अक्षरे तो एका दमात म्हणून दाखवी आणि घरी येऊन सांगे, की घार पण माझ्याकडून चष्मा उसना मागेल.

जूनमध्ये मी पहिल्यांदा पाण्यात गेलो.

बस दिसली.

बस दिसली, मित्रांनो! नोरीनला इतकी वर्षे तो एक पिवळा डाग होता. आता खिडक्या दिसल्या. खिडक्यांतून ये-जा करणारे मासे दिसले, आसनांवर बसलेला गाळ दिसला. ती तिथून हलेचना. एका खिडकीपाशी थांबली, मग दुसऱ्या. वेंडेल पुढे निघाला होता, परत आला, पुन्हा निघाला, पुन्हा परत आला. त्यांचा ठरलेला फेरा होता: बस, होडी, विमान, वर. त्या दिवशी बसपाशीच तो फेरा अडकला.

मग तिने मान वळवली आणि माझ्यातून नवऱ्याकडे पाहिले. तो चार-पाच हात लांब होता. इतक्या अंतरावरून तिने त्याला पाण्याखाली कधीच पाहिले नव्हते.

त्याने हवेचा काटा हातात धरला होता. हात लांब केला. आणखी लांब केला, नळी ताणली गेली. मान मागे नेली. काटा डावीकडे कलता केला, उजवीकडे कलता केला. पुन्हा हात लांब.

मग त्याने काटा सोडून दिला.

आणि तिच्याकडे वळून बोटांचा गोल करून दाखवला.

मी काच आहे. मला काळीज नाही. तरी त्या क्षणी माझ्या आत काहीतरी तडकले असे मला वाटले. नोरीन दोन झटक्यांत त्याच्यापाशी पोहोचली, तिने त्याचा काटा ओढून माझ्यासमोर धरला.

लाल.

लाल भागातही शेवटाला टेकलेला.

तो अजून बोटांचा गोल धरून होता. तिने तो हातच पकडला, स्वतःच्या टाकीची जादा नळी त्याच्या तोंडाशी नेली. त्याने मान हलवून नको म्हटले. तिने नळी पुन्हा पुढे केली. मग त्याने पुढचा श्वास ओढला असावा आणि तो पुरता आला नसावा, कारण त्याचे डोळे मोठे झाले. मी ते पाहिले, अगदी समोरून पाहिले. त्याने नळी तोंडात धरली. दोघे एकमेकांचे पट्टे घट्ट धरून, एका टाकीवर, हळूहळू वर आले. घाईने वर येता येत नाही. तो वेळ मला अजून संपलेला वाटत नाही.

काठावर लाकडी धक्का आहे. तिथे ते ओले बसले. मी तिच्या कपाळावर होतो.

"काटा कुठं होता?" तिने विचारले.

"मधे कुठंतरी."

"वेंडेल."

तो पायांतले पंख काढू लागला.

"तुला दिसत नाही."

"मैलभरावरची पाटी वाचतो मी."

"काटा मैलभर लांब नसतो. तुझ्या छातीवर लटकतो."

मग त्याने सांगितले. काटा दिसेनासा होऊन कितीतरी वर्षे झाली होती. त्याला त्याची गरजच पडत नव्हती. बस, होडी, विमान, एवढ्या फेऱ्याला किती हवा लागते हे अंगवळणी पडले होते. विमान आले की वर यायचे. त्या दिवशी विमान आलेच नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुझे डोळे मी आहे म्हणालो होतो ना," तो म्हणाला. "मग आता काय सांगू, दोघंही आंधळे आहोत?"

 रात्री नोरीनने एवढेच सांगितले, की त्याने डोळे तपासून मास्कला जवळची भिंगे लावून घेतल्याशिवाय ती त्याच्याबरोबर पाण्यात पाऊल टाकणार नाही. तो म्हणाला, मग राहू दे. त्याने दोघांच्या टाक्या गॅरेजच्या कोपऱ्यात लावून टाकल्या. मी खणात गेलो, सनस्क्रीनच्या नळ्यांखाली. माझी एक कड दुमडून राहिली. खण उघडे तेव्हा उजेड येई, हात येई, पट्टी किंवा थर्मामीटर घेऊन जाई. मला कोणी हात लावत नसे. घरात दोघे एकमेकांना मीठ दे, पाव दे, एवढेच म्हणत. औषध म्हणून आलो होतो, आणि दुखणे मीच उघडे केले होते.

नोरीनने पुढच्या वर्षासाठी पगारातून नेहमीपेक्षा जास्त पैसे बाजूला काढले. वर्ष सरत आले तरी त्यांना हात लावला नाही. डिसेंबरात डेलोरिस घरी आली. ती कॉफी पीत नोरीनला म्हणाली, "एवढे शिल्लक? अगं, सनस्क्रीन तरी घे. फुकट जातील."

"ते त्याच्या डोळ्यांचे आहेत," नोरीन म्हणाली. आवाज गॅरेजपर्यंत जाईल इतका मोठा होता. "ते गेले तर जाऊ देत. मला तो हवाय."

गॅरेजमध्ये हातोडीचा आवाज चालू होता. तो थांबला.

नाताळ उलटून गेला, वर्ष संपायला थोडेसेच दिवस राहिले, आणि खणात माझ्यावर दुसरा एक मास्क येऊन पडला. नवा, काळा, रबराच्या वासाचा. त्याच्या काचा वरून साध्या होत्या. खालच्या बाजूला मात्र चंद्रकोरीसारखी दोन छोटी भिंगे होती, जवळचे पाहायला.  मग माझी दुमडलेली कड कोणीतरी बोटाने सरळ केली. ते बोट जाड होते, बसचे स्टिअरिंग फिरवणारे.

उन्हाळ्यात आम्ही चौघे खाणीत उतरलो. बसपाशी नोरीन मुद्दाम मागे राहिली. वेंडेलने काटा उचलला. कोपर वाकलेलेच राहिले. त्याने नजर खाली केली, आणि बोटांचा गोल केला नाही. त्याने बोटांनी आकडा दाखवला. नोरीन तरीही पोहत गेली आणि त्याचा काटा स्वतः पाहून आली. आकडा बरोबर होता. ती हसली. हसले की गाल वर सरकतात, माझी कड सुटते आणि पाणी आत येते. आले. तिने ते नाकातून हवा सोडून बाहेर काढले, आणि पुन्हा हसली.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना गोड्या पाण्याने धुवा, उन्हात टाकू नका, खणात दुमडून कोंबू नका. आणि जवळचे माणूस ठीक आहे असे सांगते तेव्हा त्याला आकडा विचारा. त्याला राग आला तरी विचारा.

वेंडेलच्या वडिलांना शेवटची काही वर्षे दिसत नव्हते. तेही सगळे ठीक म्हणत राहिले, आणि घरात हे त्यांच्या मृत्यूनंतर कळले.