दोघी विहिणी आणि प्रवरेचा काठ

सुभद्रा जगली होती, आणि त्याबद्दल रंगुबाई कुणाचेही पाय धरायला तयार होती. देवाचे धरून झाले. डॉक्टरचे धरले तेव्हा तो बिचारा ओशाळून खुर्चीतून उठला. राहता राहिली विहीण.

सुभद्रा ही रंगुबाईची लेक, बेलापूरला दिलेली. तिचं बाळंतपण अडलं, बाळ गेलं, गर्भाची पिशवीही काढावी लागली, पण पोर वाचली. दवाखान्याच्या ओट्यावर रात्रभर बसून तिची सासू आक्काबाई प्रवरामाईला नवस बोलली होती, की पोरीची सुटका कर, तुझ्या काठाकाठानं गोदावरीच्या संगमापर्यंत पायी येते. हे कळल्यावर पुणतांब्याहून रंगुबाईनं निरोप धाडला, की लेक माझी आहे, तेव्हा विहिणीनं एकटीनं पुण्य गाठी बांधायचं कारण नाही, मी बरोबर येणार.

नवस बोलायला सोपा होता. पण त्या साली पावसानं पाठ फिरवलेली. आक्काबाईचा मुलगा सूर्यभान खडी फोडायला जाई, घरची जनावरं तिच्याच अंगावर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सगळा कारभार तीच बघे. म्हणून दोघींनी तोड काढली. सवड होईल तेव्हा एक टप्पा चालायचा, थांबलो तिथल्या झाडाला चिंधी बांधायची, एसटी धरून घरी यायचं आणि पुढच्या खेपेला त्याच चिंधीपासून निघायचं.

पहिली चिंधी शेळीनं खाल्ली. दुसऱ्या खेपेला दोघी काठावर उभ्या, समोर सगळ्या बाभळी सारख्याच. आक्काबाई म्हणे ही, रंगुबाई म्हणे ती. शेवटी दोघी पार मागच्या ओढ्यापर्यंत परत गेल्या आणि तिथून पुन्हा चालू लागल्या. नवसात कमी पडलं तर देव धरतो, जास्त झालं तर काही परत देत नाही, असं म्हणत आक्काबाई स्वतःशीच हसली.

नदी म्हणजे नुसती वाळू होती. तहान लागली की वाळूत झिरा उकरायचा, पाणी साचेपर्यंत शेजारी बसायचं आणि तेवढ्या वेळात एकमेकींच्या नदीला नावं ठेवायची. पुणतांब्याची रंगुबाई गोदावरीला गंगा म्हणणार, आणि तुमची प्रवरा शेवटी आमच्या गंगेच्याच दारात येते असं ऐकवणार. आक्काबाई म्हणायची, गंगेकडची पोर मात्र आमच्या दारात आली, तेव्हा फिटंफाट. मग ओंजळीनं पाणी पिऊन दोघी उठत. रंगुबाईला हे दिवस फार गोड वाटत. लेक जिवंत आहे, विहीण हसून बोलते आहे, आणखी काय पाहिजे माणसाला?

तरी एक काटा आत होताच. सूर्यभान एकुलता एक. पुणतांब्याच्या बायका पाणवठ्यावर मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या, की पिशवी काढलेली सून म्हणजे सासरी पाहुणी, वर्षाच्या आत सवत येते बघा. दुसऱ्या बायकोला कायद्यानं बंदी असली तरी कायदा काही लग्नाच्या मांडवात येऊन बसत नाही. रंगुबाई विहिणीच्या तोंडाकडं बघत चालायची आणि विचारायचं धाडस व्हायचं नाही. विचारलं आणि उत्तर आलं, तर मग काय करायचं?

तिसऱ्या टप्प्याला आक्काबाईच्या पिशवीत नारळ होता. रंगुबाईला वाटलं, संगमासाठी आत्तापासूनच आणला. राहुरीकडून येणारी मुळा जिथं प्रवरेला मिळते, त्याच्या जरा अलीकडच्या एका गावात आक्काबाई थांबली. ईनबाई, तुम्ही पारावर टेका, मी आलेच, असं म्हणून ती पदर सारखा करून एका वाड्यात शिरली.

रंगुबाई पारावर बसली. समोरचं दार अर्धं उघडं होतं. आत कुणीतरी सतरंजी अंथरली. मग डोक्यावर पदर घेतलेली एक उपवर पोर चहाची कपबशी घेऊन आत जाताना दिसली. बराच वेळ गेला. आक्काबाई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता आणि पिशवीत नारळ नव्हता.

रंगुबाई काही दुधखुळी नव्हती. लग्नाची पोर, सतरंजी, चहा आणि तिथंच राहिलेला नारळ. सोयरीक ठरली की नारळ हातात पडतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्या दिवशी चिंधी बांधताना तिला गाठ मारता येईना, ती आक्काबाईनं मारली.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, राधाकृष्णांना सगळं सांगितलं. ते तापले. आता त्या बाईबरोबर पाऊल टाकायचं नाही, म्हणाले. रंगुबाई रात्रभर तळमळली. विहिणीचा राग येत होता आणि रागाला नीट पायही फुटत नव्हते. ज्या रात्री सुभद्रा तडफडत होती, त्या रात्री दवाखान्याच्या ओट्यावर कोण होतं? आपण तर पुणतांब्यात घोरत पडलो होतो, आपल्याला सकाळी कळलं. उद्या ती बाई सवत आणो की आणखी काही करो, त्या रात्रीचं ऋण खोटं होत नाही. रंगुबाईनं खण, नारळ, तांदूळ घेतले आणि शेवटच्या टप्प्याला निघाली.

नेवाशाच्या पुढं दोघी झपाझप चालल्या. नदीला कुणी नावं ठेवली नाहीत. संगम आला. प्रवरा रोडावलेली, गंगेलाही घोट्याएवढंच पाणी, पण होतं. आक्काबाईनं पायऱ्यांवर बसून तळपायातले काटे काढायला घेतले. रंगुबाई उभीच राहिली.

"ईनबाई, त्या वाड्यात नारळ देऊन आला. लगीन कधी धरलंय?"

आक्काबाईनं वर पाहिलं.

"दिऊन न्हाई आले. परत करून आले," ती म्हणाली. "माज्या भावानं, आसारामनं, मला न इचारता तिथं सबूद टाकला. पोरीच्या बापानं दिल्याला नारळ आनून माज्या देवाऱ्यात ठिवला. असा नारळ माघारी द्यायचा तर घरच्या थोरल्या मानसानं पायी जावं लागतं, दुसऱ्याच्या हाती धाडता येत न्हाई. तुमाला बोलले न्हाई, कारन मोडल्याल्या सोयरिकीच्या पोरीचं नाव चार तोंडी झालं की तिला पुन्यांदा कोन करतं? तिचा काय दोष?"

रंगुबाई तिच्या शेजारी पायरीवर बसली. तिनं विचारलं, की सुभद्राला हे माहीत आहे का.

"तिनंच नारळ काढून माज्या म्होरं धरला. म्हनली, आत्याबाई, आना तिला, मी बहिनीवानी वागवीन. रडत न्हवती, बरं का. त्येच मला बघवंना."

"पन तुमचा वंश?"

आक्काबाईनं काटा काढून बाजूला टाकला.

"त्या राती म्या नातू मागितलाच न्हवता, ईनबाई. डाक्टर म्हनला, दोन्ही जीव वाचायचे न्हाईत. म्या ह्या माईला म्हनलं, माजी पोर तेवडी दे. तिनं दिली. मागितली तीच चीज पदरात पडली, आता आनखी कशाला कुनाच्या दारात जाऊ?"

रंगुबाई रडली. कुणी ऐकेल याची पर्वा न करता रडली. आक्काबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि उन्हं चढायच्या आत ओटी भरून घ्या, असं मधूनमधून सांगत राहिली. तिच्या कपाळाला कुंकू नव्हतं, म्हणून नदीची ओटी भरायची ती रंगुबाईनंच.

रंगुबाई पाण्यात उतरली. जिथं दोन पाणी एक होत होती, तिथं तिनं हळदकुंकू वाहिलं, तांदूळ सोडले आणि माईला हात जोडले. खण आणि नारळ मात्र तिनं हातातच ठेवले, आणि ती पायऱ्यांकडं वळली.

"पदर पसरा," ती म्हणाली.

आक्काबाई दचकून मागं सरकली. "याड लागलं का? माज्यासारकीची ओटी कुनी भरतं व्हय?"

"माज्या लेकीच्या आईची भरते मी. पसरा पदर."

आक्काबाईनं इकडंतिकडं पाहिलं. वरच्या पायरीवर दोन बायका थांबून बघत होत्या. त्यांच्यादेखत तिनं पदर पसरला.