फुटबॉलच्या मैदानात शिरलेली गेंडीण

मी पांढरा गेंडा बोलतेय. म्हणजे गेंडीण. पांढरी कुठे दिसतेस, असं विचारू नका. ज्या डबक्यात लोळले त्या चिखलाचा रंग तो माझा. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलुलँडच्या या राखीव रानातली माणसं मला उम्खोम्बे म्हणतात, तेच मला बरं वाटतं.

माझा जन्म इथलाच. आई मला नेहमी पुढे चालवायची आणि स्वतः मागून यायची. आमच्यात तशीच रीत आहे. ओठ रुंद आणि सपाट, त्यामुळे विळ्याने कापावं तसं आम्ही गवत बुडापासून चरतो. नजर मात्र यथातथाच. जरा लांबचं झुडूप आणि माणूस मला सारखेच. नाककानांवरच सगळा संसार. आणि हो, निगरगट्ट माणसाला तुम्ही 'गेंड्याच्या कातडीचा' म्हणता ना? माझ्या पाठीवर माशी चावते तेव्हा एकदा बघायला या.

त्या हिवाळ्यात रानातलं गवत पार वाळलं होतं. एका हत्तीने कुंपणाचा खांब आडवा केला आणि वाऱ्यावरून कोवळ्या, आखूड गवताचा वास आला. माझं पहिलं पिल्लू अजून दूध पीत होतं. त्याला पुढे घालून मी निघाले. ते गवत म्हणजे गावाने पाणी घालून जपलेलं फुटबॉलचं मैदान होतं आणि तिथे अंतिम सामना रंगला होता, हे मला कसं कळावं?

पळापळ झाली. पंच होते म्हातारे गुमेडे बाबा. ते हळूच म्हणाले, "गप्प उभे राहा सगळे. ही पाहुणी काही लाल कार्ड दाखवून जायची नाही."

सगळे गप्प झाले, तशी मी चरू लागले. तेवढ्यात पिल्लाला चेंडू सापडला. नाकाने ढकलत ढकलत ते थेट गोलात शिरलं आणि जाळीत गुरफटलं. मग ते ओरडलं, शिट्टीसारखं बारीक.

माझा घास तोंडातच राहिला. मी धावले. अंगाने मी डोंगराएवढी असेन, पण तुमच्या गावातला सगळ्यात चपळ गडीही माझ्यापुढे टिकायचा नाही.

गोलाच्या तोंडाशी एक धूसर आकृती वाकली होती. तो गोलरक्षक झाखेले. माझ्या मागून बंदुकीच्या तेलाचा वास आला. रानरक्षक हलेंगिवे येऊन पोचली होती.

"झाखेले, बाजूला हो," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"नाही जमत."

त्याने काहीतरी हिसकलं. जाळी सैल पडली आणि पिल्लू सुटून माझ्या नाकाखाली आलं. मी थांबले तेव्हा माझं शिंग झाखेलेच्या पोटापासून वीतभर लांब असेल. मग पिल्लू पुढे चालू लागलं आणि मी त्याच्या मागून रानात परतले.

दुसऱ्या दिवशी ती दोघं कुंपण नीट करायला आली. मी झुडपाआड चरत होते, कान त्यांच्याकडे.

"गाव तुला सिंह म्हणतंय," हलेंगिवे म्हणाली. "पळाला का नाहीस रे?"

"पाय जाळीत अडकला होता. तो सोडवायला खुंट्या उपटत होतो. पिल्लू आपलं आपण सुटलं." मग तो म्हणाला, "आणि तू? आमची आजी म्हणते, आईची माया ओळखून तू तिला जीवदान दिलंस."

"कसलं जीवदान. इतकी घाबरले होते, बोटच हलेना."

दोघं पोट धरून हसली. मग झाखेलेने खांबाच्या बुडाशी माती दाबली. "मी तिच्या पलीकडेच उभा होतो, तुझ्या गोळीच्या वाटेत," तो म्हणाला. हलेंगिवेने खांब धरला होता, तो तिने बराच वेळ सोडला नाही.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

"तूही नको."

आता मी म्हातारी होत चाललेय. त्या पिल्लाला पिल्लं झाली. शिंगासाठी चोर येतात, म्हणून हलेंगिवेच मला गुंगी देऊन ते कापून टाकते. दुखत नाही. नखासारखंच आहे, परत वाढतं. चोरांची बोटं मात्र कधी अडत नाहीत. त्या दिवशी एका बाईचं बोट भीतीने अडलं, म्हणून आम्ही मायलेकरं आज चरतोय.

तुम्हीही कधी आमच्या रानात आलात, तर थोडे घाबरतच या. तेवढ्यावर आपलं जमेल.