घरचा पाव

बाबांच्या पावात ब्रोमेट सापडलं नाही, तेव्हा ठमीच्या जिवात जीव आला. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत ती कितीतरी बेकऱ्यांचे पाव तपासायची. पाव झटपट फुगावा म्हणून घातलेलं हे रसायन भट्टीत सगळं नाहीसं होत नाही, आणि रोज पोटात गेलं तर कर्करोगाचा धोका असतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच घरच्या बेकरीचा पाव तपासायचा आजवर धीर झाला नव्हता.

ती तडक बेकरीत गेली. बाबा साचे पुसत होते, आई गल्ल्यावर होती.

"बाबा, पास झालात."

"हे मी शाळेत असताना सांगायचंस, तुझ्या आजोबांचा मार वाचला असता."

आईने मान वर केली. "अहो, तिला तपासायला कुठला पाव दिलात?"

"घरचा. लेकीला दुसरा कुठला देणार?"

"दुसरा म्हणजे?" ठमीने विचारलं. मग आईनेच उलगडून सांगितलं. ठमीचं लहानपणी पोट दुखायचं. पाव फुगवायला पिठात घालायच्या पुडीतल्या पावडरीचा संशय येऊन बाबा तेव्हापासून तिचा पाव वेगळा लावायचे, पावडर न घालता. तो सावकाश फुगायचा, बसका निघायचा. साचा चेपलेला असल्यामुळे तो तसा, अशीच ठमीची समजूत होती.

तिने फळीवरचा, गिऱ्हाइकांसाठीचा एक उंच पाव पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी परत आली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"यात ब्रोमेट आहे, बाबा. तुम्हाला कुठे माहीत होतं म्हणा."

बाबा खाली बसले. "माहीत नव्हतं, तर तुझा वेगळा का लावत होतो गं?"

ठमी त्यांच्या शेजारी बसली.

"बसके पाव बघून गिऱ्हाईक पाठ फिरवेल," आई म्हणाली.

"फिरवू दे. लोकांची लेकरं काय उपरी आहेत?" बाबांनी उठून पावडरीच्या पुड्या फेकून द्यायला पोत्यात कोंबल्या.

सकाळी फळीवर सगळे बुटके पाव मांडलेले पाहून शेजारच्या शिंपीणबाई थबकल्या. "आज काय हे, रुसलेत की काय?"

"रुसतील कशाला? घरचे आहेत," बाबा म्हणाले.

बाईंनी एक दाबून पाहिला, हुंगला, आणि दोन घेतले. त्यातला एक चेपलेल्या साच्यातला होता.

"ठमे, तुझा पाव गेला गं," आई म्हणाली.

"जाऊ दे." ठमीने फळीवरचा हाताला येईल तो पाव उचलला आणि तिथेच तोडून खाल्ला.