वायर तुटली तेव्हाचा आवाज

"घ्या! धून तीच हवी म्हणे, पण जरा ताजी वाटली पाहिजे," फोन आपटत हे म्हणाले. "ताजी म्हणजे काय, मेथीची जुडी आहे का ती?"

मी हसले. माझं हसणं म्हणजे नुसते खांदे हलतात. गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गाठीबरोबर आवाजही गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. बोलता येत नाही म्हणजे आतली बडबड थांबली असं कुणाला वाटत असेल, तर त्याने एक दिवस माझ्या डोक्यात राहून दाखवावं.

हे घरी बसून जाहिरातींचं संगीत करतात. मागच्या खोलीत एक संगणक, दोन स्पीकर आणि एक म्हातारा सिंथ, म्हणजे विजेवर चालणारी पेटीच. गिऱ्हाईक आज गाद्यावाला. बारा-पंधरा वर्षांपूर्वी केलेली त्याची धून त्याला नव्या दुकानासाठी पुन्हा हवी होती. लोकांना गाढ झोप लागावी म्हणून खुर्चीत बसून बसून यांची पाठ गेली, पण गादी काही त्याने फुकट दिली नाही.

खरं तर यांचं लक्ष कामात नव्हतंच. सुट्टीत राहायला आलेल्या नातीने काल विचारलं होतं, "आजोबा, आजीचा आवाज कसा होता हो?"

"थांब, आत्ता ऐकवतो," हे ऐटीत म्हणाले आणि शोधायला बसले. तयार झालेल्या सगळ्या जुन्या जाहिराती ऐकून पाहिल्या. सिंथ होता, तबला होता, कुठल्या तरी साबणासाठी खळखळून हसणाऱ्या बाईसुद्धा होत्या. मी नव्हते. असणार कशी? सिंथचा आवाज वायरीतून थेट संगणकात जातो. खोलीत कुणी बोंब मारली तरी रेकॉर्डिंगमध्ये येत नाही, आणि यांना त्याचाच केवढा तोरा! ऑपरेशनच्या वेळी आमच्याकडे बटणांचा फोन, त्यात आवाज साठवायची सोय कुठली! लग्नाच्या कॅसेटवर आमचे नुसते ओठ हलतात, वर सनई लावलेली. घरभर आवाजांचा ढीग आणि त्यात बायकोचा एक शब्द नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

संध्याकाळी हे नातीला म्हणाले, "नाही सापडत गं." मी भांडी घासत होते, तिथेच मला रडू आलं. माझा आवाज आता मलाही आठवत नाही, हे सांगायचं तरी कुणाला? आणि कसं?

तर आज गाद्यावाल्याच्या कामाची मूळ फाईल उघडली आणि संगणकाने कुरकुर केली. मी यांच्या चहाचा कप टेबलावर ठेवायला गेले होते, तिथेच थांबले.

"जुनं गेट या नव्या संगणकात नाही म्हणतोय," हे पुटपुटले. गेट म्हणजे सूर थांबला की दार लावून घेणारा इफेक्ट. मधली खरखर मग ऐकू येत नाही. "पण सिंथला मी गेट कशाला लावलं होतं? वायरीतून कसली खरखर येणार?"

यांनी तसंच, गेटशिवाय वाजवलं. सिंथचे चार सूर आले, मग मोकळी जागा, आणि त्या जागेत एक बाई म्हणाली, "अहो, चहा गार होतोय."

यांचा हात माउसवर तसाच राहिला.

पुन्हा चार सूर. "मी परत गरम करणार नाही हं, सांगून ठेवते! दिवसाला किती चहा मोरीत ओतायचे माणसाने?" पुन्हा सूर. मग चपलांची फटफट जवळ येत गेली आणि तीच बाई अगदी कानाशी, दमलेल्या आवाजात म्हणाली, "द्या इकडे. गरम करते."

"वायर तुटली होती," हे हळूच म्हणाले. "त्या दिवशी सिंथच्या स्पीकरपुढे माइक ठेवला होता मी. आणि तू मध्ये मध्ये बोलत होतीस म्हणून गेट लावलं."

मी खाली बसले.

मग काय, यांच्या अंगात आलं. गाद्यावाला गेला खड्ड्यात! "पोरीला छान करून ऐकवू. पंखा काढतो, कुत्रं भुंकतंय ते काढतो, जरा घुमारा देतो." दुपारभर खटपट करून मला बोलावलं. ऐकते तर काय, मी विहिरीत पडून चहाची चौकशी करत होते. "गरम करते... करते... करते..." माझ्या रागालासुद्धा यांनी सूर लावला होता. बाई गोड होती, पण ती मी नव्हते. एवढ्या वर्षांनी सापडले आणि लगेच पुन्हा हरवले, असं झालं मला.

मी टेबलावर बोटं आपटली. पडद्यावर प्रत्येक इफेक्टच्या नावाशी एक दिवा असतो, तो विझवला की इफेक्ट बंद. मी माउस ओढून घेतला आणि एकेक दिवा विझवत गेले.

"अगं, खरखर येईल!"

येऊ दे. मी शेवटचाही विझवला.

हे माझ्याकडे बघत राहिले, मग डोळे चोळले आणि नातीला हाक मारली. ती धावत आली, खुर्चीच्या दांडीवर बसली. पंखा घरघरला, कुत्रं भुंकलं, आणि मी माझ्या नवऱ्यावर ओरडले.

"आज्जी! कित्ती रागावायचीस गं तू!" ती खिदळली. मग तिने पुन्हा लावायला सांगितलं. "अय्या, ही तर आईच बोलतेय. सेम आई."

म्हणजे आवाज कुठे गेलाच नव्हता. माझी लेक रोज त्याच आवाजात या पोरीला रागवत होती. मी पदर तोंडाला लावला.

"अजून एकदा," नात म्हणाली.

यांनी पुन्हा लावलं. डोळे पडद्यावर, पाठ वाकलेली, कोपराशी मी सकाळी ठेवलेला कप. चार सूर, माझी बडबड, चपलांची फटफट.

"द्या इकडे. गरम करते."

मागे वळूनही न बघता यांनी कप उचलला आणि माझ्या दिशेने धरला.

मी तो घेतला. चहा खरंच गार झाला होता.