भुताच्या पिक्चरमधली हाक

लग्नाला चार महिने होत आले तरी बद्रीनाथ आणि वच्छला यांचं बोलणं 'अवं' आणि 'हूं' यांच्या पुढं सरकलं नव्हतं. घर पिशोर गावच्या जुन्या वळणाचं. शहरात भाड्यानं दोन खोल्या घेतल्या म्हणून वळण थोडंच बदलतं? शिवाय मधली भिंत इतकी पातळ, की इकडं कूस बदलली तरी तिकडून दगडाबाई आत्या विचारायची, "झोप लागंना का रं बद्री?"

आता मंगळवारी वैजापूरहून वच्छलाचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता. ती परत येईल ती आनंदानं येईल, की नुसती यायचं म्हणून येईल? या विचारानं बद्रीनाथचं जेवण गेलं होतं. बायकोला आपण आवडतो की नाही हे नवऱ्याला कळू नये, म्हणजे काय! आणि विचारायचं तरी कुणाला?

त्यानं शफीकला विचारलं. बद्रीनाथ कामाला होता त्याच गुलमंडीतल्या कापडदुकानात शफीक साड्या उलगडून दाखवायचा आणि शहरात लागलेला प्रत्येक भुताचा पिक्चर आधी जाऊन बघायचा.

"भूत का पिक्चर दिखाव भाभी कू," शफीक म्हणाला.

"येडा झाला का? ती घाबरंल ना."

"वोईच तो! अरे, घर का डर अलग. उधर मालूम रहता, थोड़ी देर में बत्ती लगने वाली है. इस वास्ते डरने में मजा आता. और डर में आदमी सब अदब-लिहाज भूल जाता. भाभी हाथ पकड़ेगी, देखना."

बद्रीनाथला हे एकदम पटलं. आपण स्वतः भुताला जाम घाबरतो, एवढं मात्र त्यानं शफीकला सांगितलं नाही.

रविवारच्या दुपारच्या खेळाचं त्यानं घरात नाव काढलं मात्र, दगडाबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. "नव्या नवरीला एकटं धाडायचं व्हय?" आई, द्वारकाबाई, म्हणाली. आपण बरोबर असताना ती एकटी कशी, हा प्रश्न बद्रीनाथच्या ओठांवर आला आणि तिथंच राहिला.

बसायची मांडणीही आईनंच केली. परक्या माणसाचा धक्का नको म्हणून सून भिंतीकडच्या शेवटच्या खुर्चीत. शेजारी आई, मग आत्या, आणि मग बद्रीनाथ. झाली का पंचाईत! पडद्यावर विहिरीतून पहिला हात वर आला, तसा बद्रीनाथचा हात खरंच कुणीतरी घट्ट धरला. दगडाबाईनं. नखांसकट.

सगळं थिएटर 'अगं माय!' म्हणून ओरडत होतं, लगेच खो खो हसत होतं, आणि पुन्हा कधी घाबरवतात याची शेंगा फोडत वाट बघत होतं. वच्छला तेवढी गप्प. पदर दातात धरून एकटक बघत होती. ही आपल्यापुढं कधी तोंड उघडायची नाही, असं वाटून बद्रीनाथला अगदी भरून आलं.

मध्यंतरात तो सगळ्यांसाठी सोडा आणायला गेला. गर्दीत उशीर झाला आणि घाईत तो पलीकडच्या दारानं आत शिरला. पडद्यावर नेमकी मेलेली सासू जिना उतरत होती. तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवून तो भिंतीच्या कडेनं चाचपडत निघाला, आणि हातातली गार बाटली वच्छलाच्या मानेला लागली.

"बद्रीनाऽऽथ!"

किंकाळी अशी, की पडद्यावरची सासू फिकी पडली. थिएटर आधी दचकलं, मग हसलं. हाच पिक्चर पुन्हा बघायला आलेल्या शफीकचा पुढच्या रांगांतून आवाज आला, "अरे बद्री, जाव ना! भाभी बुला रई!"

नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही बायकांनी दहादा आग्रह केल्यावर. इथं तिनं ते भर थिएटरात, 'राव'सुद्धा न लावता घेतलं होतं. तिनं जीभ चावून तोंड पदरात लपवलं. बद्रीनाथ बाटल्या छातीशी धरून उभाच राहिला. घाबरलेलं माणूस आईला हाक मारतं. हिनं त्याला मारली होती. मागून कुणीतरी "बस की खाली!" म्हणून खेकसलं, तेही त्याला गोड लागलं.

घरी उंबऱ्याच्या आत येताच वच्छलानं सासूचे पाय धरले. "चुकलं माझं. तोंडातून कसं गेलं, कळलंच नाय."

"ऊठ, चहा टाक," द्वारकाबाई म्हणाली. मग नवऱ्याच्या फोटोकडं बघत राहिली. "हे गेले तवा मी उशाशीच व्हते. हाक मारावी असं लई वाटलं. पण नुसतं 'अवं, अवं' निघालं. नाव काय मला घेता आलं नाय."

दगडाबाईनंही भावाच्या फोटोकडं बघून डोळे पुसले.

मंगळवारी भाऊ आला. निघताना वच्छला दारात थांबली, आणि सगळ्यांदेखत, मान वर करून बद्रीनाथला म्हणाली, "आठ दिवसानं न्यायला या. नवा भुताचा लागणार हाय म्हणं."

आतून, नवऱ्याच्या फोटोकडं बघत, द्वारकाबाई बोलली.

"बद्री, त्या बारीला कडंच्या खुर्चीत मी बसंन. आन् सोडा गारच आण."